एकाच खाटेभोवती, पण वेगवेगळे शिकलेले

प्रसूतिकक्षातला सराव सुरू आहे. खाटेवर रबराची बाहुली आहे, बाईच्या आकाराची. तिच्या कमरेखाली दडवलेल्या पिशवीतून लाल रंगाचे पाणी हळूहळू चादरीवर उतरते आहे. प्रसंग असा, की बाळ जन्मून दहा मिनिटे झाली आहेत. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी केसपेपर लिहितो आहे. बी. एस्सी. नर्सिंगची विद्यार्थिनी खाटेजवळ उभी आहे. चादर भिजल्याचे तिला दिसते. ती म्हणते, ‘‘सर, एकदा बघता का?’’ तो मान वर न करता उत्तर देतो, ‘‘हो, दोन मिनिटं.’’ ती थांबते. थोड्या वेळाने पुन्हा म्हणते, ‘‘सर, जरा ब्लीडिंग वाटतंय.’’ त्यालाही ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. आठव्या मिनिटाला मॉनिटर वाजू लागतो आणि मग सगळ्यांची एकदम धावपळ उडते. दोघे जण एकच इंजेक्शन आणायला पळतात. रक्तपेढीला फोन मात्र कोणीच करत नाही.

सिम्युलेशनच्या म्हणजे प्रसंग उभा करून शिकण्याच्या पद्धतीत असे दृश्य थोड्याफार फरकाने नेहमी पाहायला मिळते. हा सराव असल्याने कोणी दगावत नाही. पण नंतरच्या चर्चेत एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात गर्भाशय चोळायचे, ऑक्सिटोसिन द्यायचे, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड द्यायचे, शिरेतून सलाइन चालू करायचे, रक्ताची व्यवस्था करायची, हे दोघांनाही पाठ असते. लेखी परीक्षेत दोघेही उत्तम गुण मिळवतील. उणीव असते ती दोघांच्या मधल्या जागेत. तिला धोका दिसला, पण तो त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. आणि या मधल्या जागेचा अभ्यास कोणत्याच महाविद्यालयात कोणी घेतलेला नसतो.

एकत्र काम, वेगळे शिक्षण

आजारी माणसाच्या खाटेपाशी एका दिवसात किती जण येतात, ते कधी मोजून पाहावे. सकाळी राउंडला डॉक्टर येतात, तीन पाळ्यांत तीन सिस्टर किंवा ब्रदर येतात. रक्त घ्यायला लॅब टेक्निशियन, एक्स-रे काढायला तंत्रज्ञ, उठवून बसवायला फिजिओथेरपिस्ट, औषधे द्यायला फार्मासिस्ट. तपासणीला न्यायला-आणायला वॉर्डातले मामा आणि स्वच्छतेला मावशी. नातेवाइकांच्या दृष्टीने हे सगळे मिळून एकच ‘दवाखाना’. कोणी काय शिकले आहे याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. आपले माणूस बरे व्हावे, एवढीच अपेक्षा असते.

शिक्षणात मात्र हा दवाखाना तुकड्यातुकड्यांनी घडतो. डॉक्टर होणारे एका इमारतीत शिकतात, परिचारिका होणारे दुसऱ्या, तंत्रज्ञ तिसऱ्या. वॉर्डात ते एकमेकांना पाहतात, पण शिकतात आपापल्या शिक्षकांकडून आणि आपापल्या वेळी. त्यांची खरी ओळख होते ती इंटर्नशिपच्या एखाद्या नाइट ड्युटीत, रात्री दोन-तीनच्या सुमारास, रुग्ण अत्यवस्थ असताना. एकमेकांचे काम काय, कोणी कोणाला काय सांगायचे, सांगितलेले ऐकले नाही तर काय करायचे, हे त्यांना तिथेच ठरवावे लागते. त्या शिकण्याची किंमत कधी कधी रुग्ण मोजतो.

या दुराव्यावरचा उपाय आंतरव्यावसायिक शिक्षण या नावाने ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये त्यासाठी एक आराखडा प्रसिद्ध केला. त्यातली व्याख्या साधी आहे: दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांबरोबर शिकतात, तेव्हा त्याला आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणावे. एकाच सभागृहात दोनशे जणांना बसवून एकच व्याख्यान देणे या व्याख्येत बसत नाही. शेजारी बसणे आणि बरोबरीने शिकणे यांत फरक आहे. बरोबरीने शिकायला सगळ्यांसमोर एक काम लागते, आणि ते काम सुरक्षितपणे देण्याचा सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे सिम्युलेशन.

विमानातून आलेला धडा

ही पद्धत वैद्यकशास्त्राने विमान वाहतुकीकडून उचलली. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक प्रवासी विमान कोसळले आणि दहा जणांचा मृत्यू झाला. चाकांच्या यंत्रणेत बिघाड असल्याच्या शंकेने विमान आकाशात घिरट्या घालत राहिले. कॅप्टनचे सारे लक्ष चाकांकडे होते. इंधन संपत आल्याचे सहकाऱ्यांना कळत होते, त्यांनी ते सांगितलेही, पण मोघम शब्दांत आणि दबक्या आवाजात. अखेर इंधन संपले. अपघाताची चौकशी करणाऱ्या यंत्रणेने दोन शिफारशी एकदम केल्या. कॅप्टनला सहकाऱ्यांना सामावून घ्यायला शिकवा, आणि सहकाऱ्यांना ठामपणे बोलायला शिकवा. यातूनच पुढे वैमानिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकत्र सराव करण्याची पद्धत जगभर रूढ झाली.

रुग्णालयातही अगदी असेच घडते, हे ब्रिटनमधल्या एलेन ब्रोमिली यांच्या मृत्यूने दाखवून दिले. मार्च २००५ मध्ये सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना भूल देण्यात आली. त्यानंतर श्वासमार्ग बंद झाला आणि नळी घालता येईना. अनुभवी डॉक्टर पुन्हा पुन्हा नळी घालण्याचाच प्रयत्न करत राहिले. एका परिचारिकेने गळ्यातून श्वासमार्ग उघडण्याचे साहित्य आणून ठेवले आणि तसे सांगितले. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली. पण दोघींच्या कृतीमागचा अर्थ डॉक्टरांपर्यंत गेला नाही, आणि त्या दोघींनाही तो आणखी जोराने मांडता आला नाही. एलेन काही दिवसांनी मरण पावल्या. त्यांचे पती मार्टिन ब्रोमिली व्यवसायाने वैमानिक होते. चूक कोणा एकाची नाही, बोलणे-ऐकणे तुटल्याची आहे, हे त्यांनी ओळखले. २००७ मध्ये त्यांनी आरोग्यसेवेतल्या मानवी घटकांवर काम करणारी संस्था उभी केली.

या दोन्ही घटनांत ज्ञान कमी पडले नव्हते. योग्य माहिती त्या खोलीतच कोणाजवळ तरी होती. ती अधिकार असलेल्या माणसापर्यंत वेळेत पोहोचली नाही.

पुरावा काय सांगतो?

एकत्र सरावाने रुग्णाचा खरोखर फायदा होतो का, हा प्रश्न विचारायलाच हवा. ब्रिस्टलमधल्या साउथमीड रुग्णालयाचे उदाहरण यात सर्वाधिक दिले जाते. तिथे २००० पासून प्रसूती विभागातल्या डॉक्टर आणि सुईणींना, म्हणजे मिडवाइफना, प्रसूतीतल्या आणीबाणीचा सराव एकत्र देण्यात येऊ लागला. बाहेर कुठे पाठवून नव्हे, स्वतःच्याच रुग्णालयात, आणि विभागातल्या सगळ्यांना. आधीच्या आणि नंतरच्या काळाची तुलना केली तेव्हा जन्मानंतर पाचव्या मिनिटालाही प्रकृती खालावलेली राहणाऱ्या बाळांचे प्रमाण दर दहा हजारांत सुमारे ८७ वरून ४५ वर आल्याचे दिसले. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडून मेंदूला इजा होणाऱ्या बाळांचे प्रमाणही २७ वरून १४ पर्यंत म्हणजे निम्म्यावर आले.

चित्र सगळीकडे इतके लख्ख नाही. हाच कार्यक्रम स्कॉटलंडमध्ये अनेक प्रसूती केंद्रांत राबवून पाहिला, तेव्हा तसा स्पष्ट फरक आढळला नाही. आंतरव्यावसायिक शिक्षणावरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये आढावा घेतला. निकषांत १५ अभ्यास बसले. सातांत फायदा दिसला, चारांत संमिश्र परिणाम, आणि चारांत काहीच फरक नाही. याचा अर्थ एवढाच, की एकदा कार्यशाळा घेऊन फोटो काढल्याने रुग्णालय बदलत नाही. सराव पुन्हा पुन्हा, सगळ्यांचा आणि जिथे काम करायचे तिथेच झाला, तर बदलाची शक्यता वाढते.

आपल्या प्रश्नाच्या जवळ जाणारा पुरावा अलीकडे आफ्रिकेतून आला. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने जगात दरवर्षी सुमारे ७० हजार स्त्रिया मरतात. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात औषधे नेहमीचीच होती. नवे होते ते दोन गोष्टींत. रक्त डोळ्यांच्या अंदाजाने न मोजता खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मोजले गेले. आणि उपाय एकामागून एक करून वाट पाहण्याऐवजी ते सगळे एकदम सुरू करण्याचा सराव तिथल्या कर्मचाऱ्यांना देण्यात आला. गंभीर परिणामांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले.

यात पिशवीचे काम लक्षात घेण्यासारखे आहे. ‘जरा ब्लीडिंग वाटतंय’ याच्या जागी ‘पाचशे मिली झालं’ असे म्हणता येते. आकडा असला की कनिष्ठाला बोलायला आधार मिळतो आणि वरिष्ठाला टाळायला जागा उरत नाही.

बोलायचा आणि ऐकायचा सराव

आकड्यात बोलणे ही सवय आहे, आणि सवय सरावाने लागते. आपल्या वॉर्डातली भाषा बहुधा आडवळणाची असते. ‘सर, पेशंट बरी वाटत नाही’, ‘मॅडम, तुम्ही मोकळ्या आहात का?’ अशा वाक्यांत काळजी दडलेली असते, पण ती ओळखणे ऐकणाऱ्यावर सोडलेले असते. वयाचा, पदाचा आणि पदवीचा मान राखण्याचा हा आपला रिवाज घरात शोभतो. रक्त वाहत असताना तो महाग पडतो.

सरावात त्यासाठी चार पायऱ्यांची रीत शिकवली जाते. मूळ रीत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतली आहे. आत्ता काय चालले आहे, आधी काय झाले, मला काय वाटते, आणि तुम्ही काय करावे. मघाची विद्यार्थिनी या रीतीने बोलली, तर तिचे वाक्य असे होईल: ‘‘सर, खाट क्रमांक तीनला रक्तस्राव जास्त आहे, पाचशे मिलीच्या वर. दहा मिनिटांपूर्वी प्रसूती झाली, वार पूर्ण पडली आहे. गर्भाशय सैल लागतंय, नाडी १२० आहे. तुम्ही आत्ता इथे या.’’ यात उद्धटपणा कुठेही नाही. संकोच मात्र संपला आहे.

ऐकणाऱ्यालाही तितकाच सराव लागतो. हातातले काम थांबवणे, सांगणाऱ्याकडे पाहणे, ऐकलेले परत म्हणून दाखवणे. ‘कोणीतरी रक्ताचं बघा’ असे हवेत न सोडता नाव घेऊन एकाला काम सांगणे, आणि ते झाले का ते विचारणे. ‘माझ्याकडून काही सुटतंय का?’ असे विचारणारा पथकप्रमुख कमकुवत ठरत नाही. त्या प्रश्नाने इतरांना तोंड उघडायची परवानगी मिळते. शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये जी तपासणी यादी दिली, तिच्यात छेद घेण्यापूर्वी सर्वांनी आपले नाव आणि काम सांगावे असा मुद्दा आहे, तो याच कारणासाठी. ज्याने एकदा आवाज काढला, तो दुसऱ्यांदा सहज काढतो.

या सगळ्यात बाहुलीचे महत्त्व मर्यादित आहे. प्रसंग दहा मिनिटांचा असतो, त्यानंतरची चर्चा वीस-तीस मिनिटांची. शिकणे होते ते चर्चेत. तिथे ‘तू चुकलास’ या वाक्याला मनाई असते. ‘त्या वेळी तुला काय दिसत होते?’ असे विचारले जाते. ‘मला दुसऱ्या मिनिटालाच कळलं होतं, पण तुम्ही लिहीत होता’, हे परिचर्येच्या विद्यार्थिनीने बोलणे आणि भावी डॉक्टरने ते ऐकून घेणे, हा त्या तासाचा गाभा. म्हणूनच या सरावाला गुण देऊ नयेत, निदान सुरुवातीला तरी. गुण आले की चुका लपवल्या जातात.

नियम आहेत, एकत्र तास नाही

भारतात या दिशेने गेल्या काही वर्षांत बरेच घडले आहे. वैद्यकीय पदवीचा २०१९ पासून लागू झालेला क्षमताधारित अभ्यासक्रम डॉक्टरच्या पाच भूमिका सांगतो. त्यांतली एक आहे आरोग्य पथकाचा नेता आणि सदस्य. महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा बंधनकारक झाली. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या बी. एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात सिम्युलेशनला स्थान आहे आणि पथकात काम करण्याची क्षमता त्यातही नोंदवलेली आहे. फिजिओथेरपिस्ट, प्रयोगशाळा व शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ अशा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. परिचर्या आणि सुईण व्यवसायासाठी नव्या आयोगाचा कायदा २०२३ मध्ये आला.

प्रत्येक व्यवसायाला स्वतःचे नियमन मिळाले, ते योग्यच झाले. पण त्यामुळे भिंतीही पक्क्या झाल्या. डॉक्टरांची परिषद डॉक्टरांचे तास मोजते, परिचर्येची परिषद परिचर्येचे. फार्मसीचा कारभार १९४८ च्या कायद्याखाली वेगळाच चालतो. ‘पथकात काम करता आले पाहिजे’ असे दोन अभ्यासक्रम म्हणत असले, तरी ते पथक एका खोलीत आणणारा तास वेळापत्रकात क्वचितच सापडतो. कौशल्य प्रयोगशाळेत एमबीबीएसची तुकडी सोमवारी येते, नर्सिंगची गुरुवारी. दोन्ही तुकड्या त्याच बाहुलीच्या छातीवर दाब देतात आणि एकमेकांना न भेटता परत जातात. पथकाचा सराव पथकाविना होतो.

महाराष्ट्राला इथे एक सोय आहे, जी पुष्कळ ठिकाणी नाही. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या, फिजिओथेरपी आणि बीपीएमटीसारखे तंत्रज्ञांचे अभ्यासक्रम १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. मुंबईचे जे. जे. किंवा पुण्याचे ससून यांसारख्या आवारांत वैद्यकीय आणि परिचर्या शिक्षण शेजारीशेजारी चालते. विद्यापीठ एक, रुग्णालय एक, बाहुलीही एकच. जुळवायचे आहे ते वेळापत्रक.

अडचणी खऱ्या आहेत. विद्यार्थिसंख्या वाढली आहे, शिक्षकांची पदे रिकामी आहेत, परीक्षांचे दिवस जुळत नाहीत. पण सुरुवात मोठी असण्याची गरज नाही. शेवटच्या वर्षात किंवा इंटर्नशिपच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातून दोन अर्धे दिवस, सहा-आठ जणांचे मिश्र गट, चारच प्रसंग: प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, न रडणारे नवजात बाळ, हृदय बंद पडणे आणि ड्युटी बदलताना रुग्णाची माहिती सुपूर्द करणे. शेवटचा प्रसंग नाट्यमय नाही, पण माहिती सर्वांत जास्त तिथेच गळते. चर्चा घेणारे दोन शिक्षक असावेत, एक डॉक्टर आणि एक परिचर्या शिक्षक. विद्यार्थ्यांना बरोबरीने बोलायला सांगून चर्चा एकट्या प्राध्यापक डॉक्टरांनीच चालवली, तर त्यातून जो धडा जाईल तो उलटाच असेल.

खर्चाची सबबही पूर्ण खरी नाही. लाखो रुपयांच्या, श्वास घेणाऱ्या बाहुल्या काही कौशल्यांसाठी उपयोगी आहेत. पण बोलण्या-ऐकण्याच्या सरावाला त्या आवश्यक नाहीत. बिहारमध्ये सरकारी केंद्रांतल्या परिचारिकांसाठीच्या ‘अमानत’ या कार्यक्रमात प्रसूतीचे प्रसंग उभे करताना शिवून घेतलेली खास विजार वापरली गेली. प्रशिक्षकांपैकीच एक ती घालून बाळंतिणीची भूमिका करते. जिवंत बाई वेदनेने ओरडते, घाबरते, ‘मला काय होतंय?’ असे विचारते. त्यामुळे शिकणाऱ्याला तिच्याशीही बोलावे लागते. महागड्या बाहुलीला ते शिकवता येत नाही.

केंद्र सरकारने २००९ मध्ये सुरू केलेल्या नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमात बाळाला श्वास देण्याचे प्रशिक्षण डॉक्टर आणि परिचारिका दोघांनाही दिले जाते. डिसेंबर २०१७ मधल्या ‘लक्ष्य’ उपक्रमाने प्रसूतिकक्षाच्या गुणवत्तेची कसोटी ठरवून दिली. नोकरीत आल्यावर जे शिकवावे लागते, त्याचा पाया विद्यार्थिदशेत घालता येईल. बाविसाव्या वर्षी एकमेकांना नावाने हाक मारणारे तिशीत ड्युटीवर भेटले, तर त्यांच्यातले अंतर आपोआप कमी असेल.

२०१८-२० च्या पाहणीनुसार देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचे मृत्यू झाले. महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता. राज्याने हे साधले त्यामागे दवाखान्यातल्या प्रसूती, रुग्णवाहिका, रक्तपेढ्या आणि आशाताईंचे काम आहे. उरलेले मृत्यू कमी करणे अधिक कठीण आहे, कारण त्यातले अनेक प्रसंग असे असतात जिथे बाई दवाखान्यात पोहोचलेली असते, औषध कपाटात असते आणि ते देता येणारी माणसेही तिथेच असतात. प्रश्न उरतो तो मिनिटांचा.

सरावाच्या खोलीत तोच प्रसंग चर्चेनंतर पुन्हा घेतला जातो. या वेळी विद्यार्थिनी पिशवीवरची खूण पाहते आणि आकडा सांगते. विद्यार्थी पेन खाली ठेवतो आणि ऐकलेला आकडा मोठ्याने परत म्हणतो. एक जण गर्भाशय चोळतो, एक जण इंजेक्शन भरते, आणि तंत्रज्ञ विद्यार्थी नाव घेऊन सांगितल्यामुळे रक्तपेढीला फोन लावतो. पहिल्या फेरीत आठव्या मिनिटाला जे सुरू झाले, ते या वेळी दुसऱ्या मिनिटाला सुरू होते. या विद्यार्थ्यांपैकी कोणी वर्ष-दोन वर्षांत ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळी करत असेल. तिथे दुसरी फेरी घेता येणार नाही.